क्रेटॉसच्या परीक्षणाची वही

६ एप्रिल २०२४, शनिवार

शेवटी डिस्क मिळाली. 'गॉड ऑफ वॉर ३' हा व्हिडिओ गेम, सेकंडहँड. खोक्याला तडा गेलाय, डिस्क मात्र स्वच्छ. मूळ गेम २०१० चा, पीएस३ (प्लेस्टेशन ३) वरचा, सँटा मोनिका स्टुडिओचा. आमच्याकडं आलीय ती २०१५ साली पीएस४ साठी नव्यानं काढलेली आवृत्ती. काम असं ठरलंय: मराठीत व्हिडिओ परीक्षण, दहा-बारा मिनिटांचं. खेळणार भाचा, लिहिणार आणि बोलणार मी. "चौदा वर्षं जुना गेम, कोण बघतंय मामा?" असं तो म्हणाला. नवा गेम पाच हजाराच्या घरात जातो म्हटल्यावर गप्प बसला.

खोक्यावर १८ चा शिक्का आहे. भाचा एकोणीसचा, पण त्याचा धाकटा भाऊ अकराचा. त्याला खोलीबाहेर काढला, तर तो दाराला कान लावून बसला. उद्यापासून हेडफोन.

पहिला तास झाला. गेम सुरू होतो तोच ऑलिंपसच्या, म्हणजे ग्रीक देवांच्या डोंगराच्या चढणीवर. टायटन, म्हणजे देवांशी वैर असलेले डोंगराएवढे जीव, वर चढायलेत आणि गेमचा नायक क्रेटॉस त्यांतल्याच गाया नावाच्या टायटनच्या अंगावर उभा आहे. म्हणजे आपण ज्या जमिनीवर लढतोय ती जमीनच चालते, कलंडते, हात उचलते. मध्येच सगळं उलटं होतं आणि लटकत मारामारी करावी लागते. मग समुद्रातून समुद्रदेव पोसायडन येतो. त्याला लोळवल्यावर कॅमेरा एकदम त्याच्या डोळ्यांत शिरतो. मार आपण देतोय, पण दिसतंय ते मार खाणाऱ्याच्या जागेवरून. अगदी शेवटी कंट्रोलरच्या दोन्ही स्टिक एकदम दाबायच्या असतात. भाच्याचे दोन अंगठे स्टिकवर, क्रेटॉसचे दोन अंगठे पोसायडनच्या डोळ्यांवर. अंगठ्याला अंगठा जुळवलाय. ज्याला हे सुचलं त्याला आपलं काम येतं.

आम्ही दोघं ओरडलो. घाबरून नाही, मजा आली म्हणून. वहीत पहिलं वाक्य लिहिलं: 'काय धुतलाय!' परीक्षण याच सुरात जाईल असं वाटतंय.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

सकाळी गुढी, दुपारी पुरणपोळी, म्हणून संध्याकाळपर्यंत दोघांचेही डोळे मिटत होते. तरी दोन तास खेळलो.

आज लढाईच्या पद्धतीवर लिहिलं. मी टॉवेल कारखान्यात जकार्डची डिझाइनं करतो, त्यामुळं मला हे रिपीटसारखं, म्हणजे कापडावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीसारखं दिसतं. चौकोनाचं बटण हलका घाव, त्रिकोणाचं जड घाव. चौकोन-चौकोन-त्रिकोण ही या मालिकेतली सगळ्यात जुनी, सगळ्यात उपयोगी ओळ. साखळीला बांधलेली पाती लांबवर जातात, म्हणून एका फेऱ्यात चार-पाच जण सापडतात. मध्ये एल१ बटणानं अडवायचं, उजव्या स्टिकनं लोळण घ्यायची, की रिपीट पुन्हा सुरू. जकार्डमध्ये कार्डाला भोक असलं की धागा वर उचलला जातो, नसलं की खाली राहतो. सगळा मोर, सगळं कमळ एवढ्यावरच उभं. इथंही तसंच. दोन बटणं, आणि त्यातून निघणारी नक्षी. हात बसला की डोकं बाजूला राहतं, बोटंच विणत जातात. हिंसा आहे हे विसरायला होतं, खरं सांगायचं तर. आपण ताल धरलेला असतो.

त्या चौकोन-चौकोन-त्रिकोणाला गेममध्ये नाव आहे 'प्लूम ऑफ प्रॉमिथिअस'. यावर एक गंमत लिहून ठेवतो. क्रेटॉस हे नाव गेमवाल्यांनी बनवलेलं नाही. जुना ग्रीक कवी हेसिअड याच्या देवांच्या वंशावळीत क्रेटॉस म्हणजे बळ, स्टिक्स नदीचा मुलगा, देवांचा राजा झ्यूसच्या शेजारी बसणारा. ईस्किलसच्या नावावरच्या नाटकात तर तो आणि बिआ (म्हणजे जबरदस्ती), दोघं मिळून लोहारदेव हेफेस्टसला उभं करून आग चोरणाऱ्या प्रॉमिथिअसला कड्याला जखडायला लावतात. तिथला क्रेटॉस म्हणजे सरकारी माणूस, वरून आलेला हुकूम बजावणारा. गेममधला क्रेटॉस स्पार्टाचा सेनापती आणि वरच्यांच्याच जिवावर उठलेला. नाव तेच, बाजू उलटी. आणि आज तो गायाच्या अंगावरून कोसळून पडला कुठं, तर स्टिक्समध्येच. मुडदे अंगाला चिकटून त्याची कमावलेली सगळी ताकद शोषून घेतात. पुराणातली आई, गेममध्ये अंगातलं पाणी काढणारी नदी. बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असो नसो, परीक्षणात घालणार.

११ एप्रिल, गुरुवार

वीज गेली. पाताळाचा देव हेडीस, त्याचं अर्धं आयुष्य संपवलेलं आणि वीज गेली. या गेममध्ये सेव्ह करायला उजेडाचा खांब गाठावा लागतो. मधले टप्पे यंत्र बंद झालं की पुसले जातात. भाचा कंट्रोलर गादीवर टाकून गच्चीवर गेला. पाऊण तास वाया.

इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि एक दिवा आहे. तो टीव्हीला जोडायचा विषय आईसमोर काढायचा नाही.

१४ एप्रिल, रविवार

जयंतीची मिरवणूक, सगळीकडं डीजे. रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं, म्हणून नुसतं खेळलो. आई आज पहिल्यांदाच बसून बघत होती. हातात शेंगा सोलायचं काम. चटणीसाठी.

आज हेलिऑस. सूर्यदेव रथातून खाली पडलाय, हलता येत नाही, हात जोडतोय. क्रेटॉस त्याचं मुंडकं ओढून तोडतो. एका झटक्यात नाही, बटण धपाधप दाबायला लागतं आणि तेवढा वेळ मान ताणली जाते. मग ते मुंडकं कंबरेला लटकतं आणि अंधाऱ्या बोळात कंदील म्हणून वापरायचं. लपलेल्या वाटासुद्धा त्याच्या उजेडात दिसतात. आणि बाहेर आभाळ काळं होतं. दर देव मेला की जगावर एक संकट. पोसायडन गेला तेव्हा समुद्र चढला, आता ऊन गेलं.

मला वाटलं आई उठून जाईल. ती उठली नाही. म्हणाली, "हा पांढरा का आहे?"

सांगितलं. आधीच्या भागातली गोष्ट: युद्धदेव एरीसच्या नादानं एका गावात कत्तल करताना यानं स्वतःची बायको आणि मुलगी मारली. त्यांची राख याच्या अंगाला कायमची चिकटली. हा रंग तोच.

"म्हणजे अश्वत्थामा की रे," आई म्हणाली. "तोपण असाच. रात्री झोपलेली पोरं मारली. कपाळाची जखम घेऊन अजून तेल मागत फिरतोय म्हणतात."

भाचा गेम थांबवून आईकडं बघत राहिला. मी सकाळपर्यंत परीक्षणात भीम घालायच्या बेतात होतो. दुःशासनाची छाती, रक्त, प्रतिज्ञा, असलं. ग्रीक लोक क्रूर आणि आपण सात्त्विक, असं कुणी म्हणू नये म्हणून. पण भीम नाही चालत. भीमानं भर रणात, दिवसाढवळ्या, बोलून दाखवून केलं. आईचं बरोबर आहे. हा सौप्तिक पर्वातला माणूस आहे. बाप कपटानं मारला गेला, मग रात्र, छावणी, आणि समोर येईल तो. धृष्टद्युम्न शस्त्रानं मरण दे म्हणून विनवत होता, त्याला लाथांनी मारलं. हेलिऑसचं मुंडकं बघितल्यावर तीच ओळ आठवली.

'काय धुतलाय!' खोडलं.

१७ एप्रिल, बुधवार, रामनवमी

शब्द ठरवले, कारण बोलताना अडखळायला होतं. कॉम्बो (एकामागून एक जोडलेले घाव) तसाच ठेवायचा, 'जोडघाव' कुणी म्हणत नाही. बॉस (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) पण तसाच. लाल गोळ्या, हिरव्या गोळ्या, निळ्या गोळ्या (ताकद, जीव, जादू). पडद्यावर बटणाचं चिन्ह येतं आणि ते वेळेत दाबायचं असतं, त्याला भाचा क्यूटीई म्हणतो. मी 'इशारा' म्हणणार. या भागात इशारे पडद्याच्या कडेला येतात: त्रिकोण वर, चौकोन डावीकडं, गोल उजवीकडं, फुली खाली, जशी कंट्रोलरवर बटणं तशीच. त्यामुळं चिन्ह शोधायला डोळा हलवायला लागत नाही. कडेचा रंग दिसला की अंगठा जातो. नजर मधल्या माणसावरच राहते. सोय मोठी आहे, पण तिचा दुसरा अर्थ असा, की काय चाललंय ते न बघण्याची पळवाट बंद.

२१ एप्रिल, रविवार

ऊन चाळिशीच्या पुढं. पीएस४ चा पंखा यंत्रमागासारखा वाजायला लागला, म्हणून उघडून ब्रशनं साफ केला. आत सुताची तूस निघाली मूठभर. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत राहायचं म्हणजे नाकात, डब्यात, यंत्रात, सगळीकडं तूस.

हर्मीस आणि हर्क्युलिस एकाच दिवसात उरकले. हर्मीस, देवांचा जासूद, चिडवत पळतो, आपण मागं पळतो, हा पाठलाग भन्नाट आहे. पण तो दमून पडल्यावर पाय तोडायचे ते दोन स्वतंत्र इशाऱ्यांवर. आधी एक, मग दुसरा. त्याचे बूट पाहिजेत म्हणून. हर्क्युलिसची लढाई मात्र मला पटली. दोघं सावत्र भाऊ, दोघंही बापासाठी, म्हणजे झ्यूससाठी राबलेले, तो तोंडावर म्हणतो की बापानं तुलाच का निवडलं. लढाई बरोबरीची आहे. त्याचे लोखंडी पंजे काढून त्यानंच त्याचं तोंड फोडायचं, हे भयंकर आहे, पण त्याला दोन बाजू आहेत. त्याचा आवाज केविन सोर्बोनं दिलाय. नव्वदीत टीव्हीवर हर्क्युलिस झालेला तोच. भाच्याला याचं काही वाटलं नाही. मला वाटलं.

लढाईतली हिंसा आणि लढाई संपल्यावरची हिंसा, परीक्षणात या दोन वेगळ्या ठेवायच्या. पहिलीला ताल आहे. दुसरीत समोरचा हलत नसतो आणि इशारा आपल्याला थांबू देत नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

प्रचाराच्या रिक्षा. दर दहा मिनिटांनी एक, गाण्यासकट. नमुन्याचं रेकॉर्डिंग केलं त्यात माझ्या 'ऑलिंपस'वर कुणाचं तरी चिन्ह येऊन बसलंय.

२७ एप्रिल, शनिवार

क्रोनॉस, झ्यूसचा बाप. गेमची सगळ्यात मोठी लढाई, आकारानं. त्याच्या बोटापासून खांद्यापर्यंत जायचं, तो आपल्याला गिळतो, पोट फाडून बाहेर यायचं. पोटातून ऑम्फॅलॉस दगड काढायचा असतो. हे मला फार आवडलं, कारण पुराणात क्रोनॉसनं झ्यूस समजून गिळलेला हाच तो दगड, जो पुढं डेल्फीला ठेवला म्हणतात. बाळ वाचवायला बापाच्या पोटात ढकललेला दगड, नातू पोट फाडून बाहेर काढतो. गेम लिहिणाऱ्यांनी ग्रीक नीट वाचलेत. नावं उसनी घेऊन ठोकाठोकी केली असं नाही.

झ्यूसची बायको हेरा, तिची बाग पण आज. पायऱ्या, कमानी, हिरव्या भिंती, आणि युक्ती अशी की एका ठरावीक जागेवरून बघितलं की तुटलेली वाट जुळलेली दिसते, आणि दिसते म्हणून चालता येते. दोन धागे प्रत्यक्षात एकमेकांना शिवत नाहीत, पण कापड लांबून बघितलं की रेघ अखंड. भाचा कंटाळला, "मारामारी कुठाय बे" म्हणाला. मी त्याच्या हातातनं कंट्रोलर घेऊन अर्धा तास तिथंच फिरलो. अख्ख्या गेममध्ये एवढी एकच जागा मला शांत वाटली. हेरा मेल्यावर बाग वाळते.

रात्री जुन्या क्लिपा चाळत बसलो. पीएस४ चं शेअर बटण मागची १५ मिनिटं राखून ठेवतं, पण साध्या पीएस४ वर क्लिप ७२० रेषांची आणि सेकंदाला ३० चित्रांची. गेम खेळताना १०८० आणि ६०. म्हणजे गेमची जी खरी मऊ चाल आहे ती आमच्या व्हिडिओत दिसणारच नाही, तोंडानं सांगावी लागणार.

चाळताना ती क्लिप आली. पोसायडनच्या महालात साखळीला बांधलेली एक बाई आहे. क्रेटॉस तिला सोडवत नाही. ओढत नेतो, दार उघडणाऱ्या चक्राला अडकवतो, दार उघडं राहावं म्हणून. ती गयावया करते. आपण दारातून पुढं गेलो की मागं चक्र फिरतं. बटण आपणच दाबलेलं असतं, कारण पुढं जायला दुसरा मार्गच नाही.

आई पाण्याची बाटली ठेवायला आली होती. "ती कोण होती?" म्हणाली.

नाव नाही, आई. गेममध्ये ती नुसती 'पोसायडनची राजकन्या'.

"मग तिचं कुणी रडलं का नाही?"

नाही म्हणालो. आई गेली. मग दोन वाजेपर्यंत लिहीत बसलो, तोच परीक्षणाचा मधला भाग. थोडक्यात असा: महाभारतात सौप्तिक पर्व संपलं की लगेच स्त्रीपर्व लागतं. गांधारी रणात येते, एकेक प्रेत ओळखते, कुणाचा हात, कुणाचं मुंडकं, आणि शेवटी कृष्णाला शाप देते. व्यासांनी मारणाऱ्याला जेवढी जागा दिली तेवढीच रडणारीला. ग्रीकांकडं पण हे आहेच. त्यांचं युद्धकाव्य इलियड लाकडी घोड्यावर संपत नाही, मारल्या गेलेल्या हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं. त्याची बायको अँड्रोमकी, आई हेक्युबा, भावजय हेलन, तिघी आळीपाळीनं रडतात. या गेमनं ग्रीकांचं रक्त घेतलं, रडणं तिथंच ठेवून आला.

१ मे, बुधवार, महाराष्ट्र दिन

सुट्टी. गेम संपवला. भाच्याला परवाचं पान वाचून दाखवलं होतं, तो पहिल्यापासून खुसपट काढायच्या तयारीत. "मामा, तू परीक्षण लिहायलास का प्रवचन? रडणं नाही म्हणतोस, आता बघ."

आणि त्यानं दाखवलं ते खरं होतं. झ्यूसच्या शेवटच्या लढाईत मध्येच पडदा काळा होतो. क्रेटॉस स्वतःच्याच मनात अंधारात चालतोय, पँडोरा या पोरीचा आवाज आणि एक लहानशी ज्योत पुढं. बायकोची, पोरीची कुजबुज. वाटेत रक्त. इथं इशारे नाहीत, घाव नाहीत. आपण फक्त चालायचं. आणि तो स्वतःला माफ करतो. आधीचे भाग खेळलेल्या माणसाला हे जड जातं. भाच्याचे डोळे ओले झाले होते, त्यानं नाकारलं.

म्हणजे माझं वाक्य चुकलं. रडणं आहे, फक्त त्याच्या स्वतःच्या माणसांसाठी. चक्रात अडकलेलीसाठी नाही. वाक्य बदलून तसं केलं, आणि बदलल्यावर ते जास्त लागलं.

मग बाहेर येऊन तो झ्यूसला बुक्क्यांनी मारतो. आधी माफी, मग बुक्क्या. या वेळी आपण क्रेटॉसच्या डोळ्यांनी बघतो. गोल बटण दाबायचं, एक दाब एक बुक्की. दर बुक्कीला पडद्यावर रक्त चढत जातं आणि शेवटी नुसता लाल पडदा. भाच्यानं कंट्रोलर माझ्या हातात दिला, "हे तू कर." मी दाबत राहिलो. झ्यूस दिसत नाही, काहीच दिसत नाही, फक्त आवाज. काहीतरी होईल म्हणून दाबतोय. होत काही नाही. बऱ्याच वेळानं भाचा म्हणाला, "थांबलास तरच संपतंय."

क्लिपवर मोजलं. ४१ सेकंद.

पुढं क्रेटॉस आपली तलवार स्वतःच्याच पोटात घालतो आणि पँडोराच्या पेटीतली आशा, ती मागणाऱ्या अथीना देवीला न देता, माणसांवर सोडतो. पण बाहेर माणसं कुठायत? सगळं बुडालेलं, काळं, माशा, वाळलेलं. आशा घ्यायला कुणी उरलंय का, हे गेम दाखवत नाही. २०१८ च्या पुढच्या भागात तो उत्तरेत जाऊन मुलगा वाढवतो आणि मागचं लपवतो, तो वेगळा विषय, त्याचं परीक्षण वेगळं.

५ मे, रविवार

संध्याकाळी सहाला प्रचार थांबला. इतकी शांतता सोलापुरात महिनाभर नव्हती. शेजारचा माग तेवढा चालू, तो दहाला बंद होतो. साडेदहाला बसलो. मांडीवर माईक, डोक्यावरून दोन सोलापुरी चादरी, आत मोबाइलचा उजेड. चादरीनं खोलीचा घुमारा एकदम मरतो, हे कुणाला लागलं तर सांगून ठेवतो. फक्त मे महिन्यात करू नका. तीन पानं वाचेपर्यंत बनियन पिळण्यासारखं झालं. पंखा बंद, कारण तो माईकमध्ये येतो.

तारे द्यायचे की नाही यावर भाच्याशी वाद. तो म्हणतो लोक तेच बघायला येतात. शेवटी ठरलं: लढाई, देखावे, हेराची बाग यांचं मोकळं कौतुक, धाकट्यांना लांब ठेवायचा स्पष्ट इशारा, तारे नाहीत.

७ मे, मंगळवार, मतदान

सकाळी सातलाच मत देऊन आलो, ऊन चढायच्या आत. दिवसभर कापाकापी. एकूण साडेचौदा मिनिटं झाली, ठरवलेल्यापेक्षा जास्त. प्लूम ऑफ प्रॉमिथिअस आणि केविन सोर्बो गेले. स्टिक्स राहिली. अश्वत्थामा राहिला, आईचं वाक्य आईच्याच आवाजात. ती पहिल्यांदा नाही म्हणाली, मग पदर सारखा करून माईकसमोर बसली, कॅमेरा नाही हे सांगूनसुद्धा.

शेवटचा अडला तो लाल पडदा. भाच्याचं म्हणणं, चार सेकंद ठेव आणि वर बोल. मी ४१ च्या ४१ ठेवलेत, आवाज न देता. नुसत्या बुक्क्या.

"लोक पुढं ढकलतील की मामा."

ढकलू देत, म्हणालो. व्हिडिओची निर्यात (एक्सपोर्ट) लावलीय, दोन तास दाखवतंय. वीज जाऊ नये म्हणजे झालं.